श्रावणजी लंकेला फिरायला गेले

अकोल्याला जठारपेठेत श्रावणजींचं घर विचारलं तर कुणी सांगू शकत नाही. ‘लंकावाले’ म्हटलं की पानठेल्यावरचा माणूस हात करून दाखवतो. ते तिथे मुलीकडे राहतात. सकाळी फिरतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी ओट्यावर बसतात. कुणी विचारलं तर लंकेची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत मी तापाने आडवा पडलेला असतो. माझं काम तेवढंच. म्हणून माझ्या बाजूने ती लिहून ठेवतो आहे.

सत्तावन साल होतं. मी अमरावतीला मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. राजापेठेच्या मागे एक खोली घेऊन राहत होतो. शेजारचं घर श्रावणजींचं.

श्रावणजी देवी डॉक्टर होते. म्हणजे डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून देवीची लस टोचणारे सरकारी नोकर. पण सगळा जिल्हा त्या लोकांना देवी डॉक्टरच म्हणत असे. माझं गाव चांदूर बाजार. माझ्या दंडावरच्या दोन गोल खुणा श्रावणजींच्या हातच्या. ते आमच्या घरी आले की माझी आई माझा दंड त्यांच्या हातात देई. पाणी मात्र लांबून, वरून ओतत असे. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, मला चहा दिला. कप उचलायला मी थोडा वेळ लावला असावा.

“पी नं,” श्रावणजी म्हणाले. “यात सुई नाई.”

मी प्यालो. त्या दिवसापासून ते मला ‘बीए’ म्हणू लागले. मी त्यांच्याकडेच जेवू लागलो.

जानेवारीअखेर ते बहिरमच्या यात्रेतली शेवटची ड्युटी करून आले. मार्चअखेर निवृत्त होणार होते. एका संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पीत होतो. रेडिओवर सिलोन लागलं होतं. गाणं संपलं. निवेदक हिंदीत काहीतरी गोड बोलला.

“बीए,” श्रावणजी म्हणाले, “हे सिलोन कुठं आहे?”

“समुद्रापलीकडे. लंका म्हणतात ती तीच.”

“परदेश झाला नं मंग?”

“झाला.”

“रोज आयकून राहिलो. जाऊन पाहू म्हनतो. तू येतं काय? तिकिटाचं मी पाह्यतो. तुले इंग्रजी येते.”

मला वाटलं, थट्टा करतात. ते बशीतला चहा फुंकत होते. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघतो तो कामाने. लग्न असतं, मयत असते, कोर्टाची तारीख असते, देव असतो. नुसतं फिरायला, तेही परदेशात, जाणारा माणूस मी पाहिला नव्हता. जिल्ह्यातही कुणी पाहिला नसावा.

“पण कशासाठी?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी बहिरमचं सांगितलं. बहिरमची यात्रा महिनाभर चालते. बैलगाड्या भरभरून लोक येतात. राहुट्या ठोकतात, हंड्यांत मटण शिजवतात, रोडगे भाजतात. यात्रेत हैजा, म्हणजे कॉलरा, पसरू नये म्हणून रस्त्यावर नाका असे. सुई घेतल्याचा कागद दाखवायचा आणि आत जायचं. कागद नसेल तर तिथेच दंड पुढे करायचा. तेही नको असेल तर माघारी फिरायचं. त्या नाक्यावर श्रावणजी सव्वीस वर्षं उभे राहिले. यात्रा उठेपर्यंत ड्युटी. यात्रा उठली की आत पाहायला उरत होती फक्त राख आणि पत्रावळी.

“रहाटपाळण्याचा आवाज यायचा,” ते म्हणाले. “कर्र, कर्र. सव्वीस वर्सं आयकला. बसलो नाई कधी.”

“मग आता बहिरमलाच जा. निवृत्त व्हाल. कोण अडवतं?”

“तिथं मले सारे वळखतात, लेका. मी आत गेलो तरी लोकं दंड पुढं करतीन. नाई केला तं मीच पाहीन. अन् कोनी म्हनन, हा इकडं कसा आला? मले अशा जागी जायचं आहे, जिथं मी कोन आहे हे कोनालेच मालूम नाई. एकदा निस्तं मानसासारखं नाक्यातून आत जायचं.”

एवढंच त्यांना हवं होतं. मी हसलो नाही. पण समजायला मला पुढचं वर्ष लागलं.

पासपोर्टचा अर्ज मीच भरला. प्रवासाचं कारण लिहायची एक जागा होती.

“धर्मयात्रा लिहितो,” मी म्हणालो. गेल्या दसऱ्याला नागपुरात त्यांनी आणि पंचफुलाबाईंनी दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाची तसबीर होती. सिलोनात अनुराधपूर होतं, बोधिवृक्ष होता. “एकही प्रश्न विचारणार नाहीत.”

“खरं लिही.”

“खरं काय?”

“फिरनं. मौज.”

“मौज?”

“इंग्रजीत मौजेले शब्द नाई काय?”

“आहे.”

“मंग लिही.”

मी लिहिलं. दोन महिन्यांनी पोलिसांतले महादेवराव जमादार चौकशीला आले. खाटेवर बसले. अर्ज उलटासुलटा केला.

“सिलोनले जाता?”

“हो.”

“कायले?”

“फिराले.”

“ते झालं. पन कायले?”

“फिराले, महादेवराव.”

“तिथं पाव्हनेरावळे?”

“नाई.”

“धंदा?”

“नाई.”

“मंग जाऊन करान काय?”

“फिरीन.”

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसबिरीकडे पाहिलं. आतून पंचफुलाबाई म्हणाल्या, “लिहा जी तुमी, डोकं फिरलं म्हनून फिराले चालले. तेवढं तरी कारन होते.”

जमादार हसले. काय लिहिलं ठाऊक नाही. चांगलंच लिहिलं असणार.

जूनमध्ये पासपोर्ट आले, आणि फ्लूही आला.

मद्रासकडून आला म्हणत. एका आठवड्यात अमरावतीचे दवाखाने भरले. आमच्या गल्लीत घरटी दोन माणसं पांघरूण घेऊन पडलेली. म्हाताऱ्या म्हणू लागल्या, मानमोडी परत आली. मानमोडी म्हणजे अठरा सालची फ्लूची साथ. श्रावणजी तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्या साथीत त्यांचा थोरला भाऊ गेला. ते त्याबद्दल कधी बोलत नसत. पण गल्लीत कुणी खोकलं की मान वर करून पाहत.

सिलोनचा परवाना अठरा जुलैपर्यंतचा होता. मी म्हणालो, “आत्ता नको. साथ जाऊ द्या. मग पुन्हा अर्ज करू.”

“साथ कधी नव्हती? माह्या नोकरीतलं एक साल दाखव. देवी गेली तं हैजा, हैजा गेला तं प्लेग. साथ जाऊन मंग फिरतो म्हटलं तं मानूस घरातच मरन. आपन आपला गमचा तोंडाले बांधू. ताप आला तं जिथं आहो तिथं पडू. दुसऱ्याले देनार नाई, एवढं पाह्यचं.”

“पंचफुलाबाई काय म्हणतात?”

“साऱ्या जिल्ह्याले सुया टोचून झाल्या,” पंचफुलाबाई म्हणाल्या, “आता रावनाले टोचून येतीन.”

“तू चाल नं,” श्रावणजी म्हणाले.

“मले आगबोटीत मळमळते.”

“कधी पाह्यली आगबोट?”

“पाह्याच्या आधीच मळमळते. तुमी जा. अन् रिकाम्या हातानं येऊ नोका.”

आम्ही बडनेऱ्याहून निघालो. वर्ध्याला मद्रासची गाडी पकडली. डब्यात सगळे खोकत होते. आम्ही दोघे गमचे बांधून खिडकीशी. लोकांना आम्ही दरोडेखोर वाटत असू. श्रावणजी आनंदात होते. प्रत्येक स्टेशनवर उतरत, पाटी पाहत, मला वाचायला लावत. “हे कोनतं? बरं.” एवढंच. मग पुढच्या स्टेशनची वाट.

मद्रासहून धनुष्कोडीची गाडी. धनुष्कोडीहून बोट. पण त्याआधी मंडपम. तिथे सिलोनला जाणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची छावणी होती. तिथे उतरायचं, डॉक्टर तपासणार, मग पुढे.

लांब शेड होती. वाळू होती. दोन्हीकडे समुद्र असावा, आवाज येत होता. तारेचं कुंपण आणि एक फाटक. फाटकाशी टेबल. टेबलाशी खाकी कपड्यातला एक माणूस कागद पाहत होता.

श्रावणजी रांगेत थांबले आणि त्या टेबलाकडे पाहत राहिले.

“नाका,” ते म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं.

आमची पाळी आली. लस टोचल्याच्या नोंदींचं माझं पिवळं पुस्तक पाहून झालं. देवीची नोंद, हैज्याची नोंद, अमरावतीच्या दवाखान्याची सही. मग त्यांचं. खाकी कपड्यातल्या माणसाने ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. उठून आत गेला आणि डॉक्टरला घेऊन आला.

डॉक्टर सिंहली होते. तरुण, चष्मेवाले, शांत. ते मला इंग्रजीत म्हणाले, “यांना विचारा, टोचणारा कोण?”

मी विचारलं.

“मी,” श्रावणजी म्हणाले.

“आणि टोचून घेणारा?”

“मी.”

मी पुस्तक हातात घेतलं. दोन्ही नोंदींखाली टोचणाऱ्याची सही होती: श्रावण. वर नावाच्या जागी तेच नाव. खाली कचेरीचा शिक्का. तारीख एकतीस मार्च.

“नोकरीचा आखरी दिस होता,” श्रावणजी सांगू लागले. “लसीची एक नळी उरली होती. म्हटलं, आखरी टोचनी कोनाले करू? मंग स्वतःलेच केली. हैज्याची पन घेतली. देवीची मस्त उठली, खून अजून आहे. दाखवू?”

त्यांनी बाही वर केली. डॉक्टर पुढे वाकले. मग त्यांनी खाकीवाल्याला बोलावलं. मग आणखी एकाला. डाव्या दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत जुन्या खुणा होत्या. पांढऱ्या, गोल, एकमेकींना लागून.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

मेळघाटातल्या गावांत लोक सुई पाहून जंगलात पळत. म्हणून श्रावणजी धारणीकडच्या प्रत्येक गावात आधी सगळ्यांसमोर स्वतःला टोचून दाखवत. म्हणत, पाहा, मेलो काय? मग एक म्हातारा पुढे येई. मग लेकरं. मी हे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं.

“दंड खरा आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण कागद चालणार नाही. स्वतःची सही स्वतःला कशी चालेल? पुन्हा टोचावं लागेल. आणि फ्लूमुळे नव्याने टोचलेल्यांना मी पाच दिवस इथे ठेवतो. सोबत आहात, तर तुम्हालाही.”

चार जुलै होती. पाच दिवस जाणार होते. मला राग आला. तीस वर्षं टोचणाऱ्या माणसाला टोचलं नाही म्हणून अडवतात.

श्रावणजींना राग नव्हता. “बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “म्याही नसता सोडला.”

त्यांना बाकावर बसवून मी डॉक्टरांच्या मागे गेलो. म्हणालो, हे नवे बौद्ध आहेत. गेल्या वर्षी दीक्षा घेतली. अनुराधपूरच्या दर्शनाला निघाले आहेत. फार लांबून आले आहेत.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते स्वतः बौद्ध होते. म्हणाले, “आधी का नाही सांगितलं? यात्रेकरूंसाठी मला काही करता येईल. आज टोचतो, उद्या सोडतो.” ते बाहेर आले आणि श्रावणजींसमोर हात जोडून उभे राहिले.

श्रावणजींनी हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

“तू काय सांगतलं याले?”

मी सांगितलं.

ते इतके चिडलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

“बहिरमच्या नाक्यावर रोज कोनी तरी म्हने, देवाच्या नवसाले चाललो, सोड. म्या एकालेही सोडलं नाई. एक बाई रडत माघारी गेली, तिचं तोंड अजून दिसते मले. अन् आता मी बुद्धाचं नाव सांगून निसटू काय बे? सांग त्याले. हा मानूस फिराले आला आहे. मौज कराले. कागद चुकला, तं थांबीन.”

मी सांगितलं. इंग्रजीत ते आणखी विचित्र वाटलं.

डॉक्टरांनी हात खाली घेतले. मग हसले. “तीन वर्षं इथे आहे,” ते म्हणाले. “मौजेला निघालेला पहिला माणूस हा.”

त्यांच्या टोचणाऱ्याने श्रावणजींना टोचलं. श्रावणजी आपल्या दंडाकडे न पाहता त्याच्या बोटांकडे पाहत होते. “हात हलका आहे,” ते मला म्हणाले. “सांग त्याले.” तेही मी सांगितलं.

पहिले चार दिवस बरे गेले. छावणीत मळ्यांवर कामाला जाणारी तमिळ कुटुंबं होती. श्रावणजी त्यांच्यात जाऊन बसत. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना ताकभात मिळू लागला. मी वाळूत पुस्तक वाचत पडे. ते विचारत, “काय लिहिलं?” मी सांगे. “बरं,” म्हणत, आणि उठून जात.

आठ तारखेला सकाळी मी उठलो तर पाय माझे नव्हते. डोकं फुटत होतं. श्रावणजींनी उलट्या हाताने कपाळ पाहिलं.

“आला,” ते म्हणाले.

“कुणाला सांगू नका,” मी म्हणालो. “उद्या सुटका आहे. गोळी घेतो. गाडीत बसलो की झालं.”

ते उठले. मला वाटलं पाणी आणायला गेले. ते फाटकाकडे गेले होते. डॉक्टरला घेऊनच आले. खुणेने दाखवलं. आधी माझं कपाळ. मग आमच्या दोन चटया, एकीला एक लागलेल्या. मग स्वतःची छाती. म्हणजे, मी याच्याशेजारी झोपलो, मलाही धरा.

मला तापवाल्यांच्या शेडमध्ये हलवलं. त्यांना आणखी सात दिवस छावणीत. मी तापातही बोटं मोजली. पंधरा तारीख. परवाना अठरापर्यंत. मला त्यांचं तोंड पाहवेना.

रोज संध्याकाळी ते माझ्या शेडसमोर येत. दहा पावलं लांब उभे राहत. तोंडाला गमचा.

“कसं आहे?”

“मरतो बहुतेक.”

“मरनाराले बोलता येत नाई. जेवला?”

“नाही.”

“जेव. तुह्या मायले काय तोंड दाखवू? म्हनन, पानी वरून देल्लं म्हनून पोरगं मारलं.”

मी हसलो. हसताना खोकला आला. ते समाधानाने गेले.

माझा ताप सहाव्या दिवशी उतरला. खोकला राहिला. उभा राहिलो की शेड फिरे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आणखी आठवडाभर हलायचं नाही. श्रावणजींना मात्र काही झालं नव्हतं. चौदाला डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली, घसा पाहिला, पुस्तकावर सही केली. दुसऱ्याची सही. त्यांनी ती मला लांबून दाखवली.

मी समजून चाललो होतो की आता आम्ही परत जाणार. तीन दिवसांसाठी कोण जातं? दुभाषा आजारी. मनातल्या मनात मी पंचफुलाबाईंना सांगायची वाक्यं जुळवत होतो.

पंधराला पहाटे ते आले. अंघोळ केलेली. धुतलेला सदरा. हातात पिशवी.

“बीए, मी जाऊन राहिलो.”

“कुठे?”

“सिलोनले. कुठं म्हंजे?”

“एकटे?”

“तू तं झोपला आहे.”

“श्रावणजी, तुम्हाला इंग्रजी येत नाही.”

“त्याईले वऱ्हाडी येत नाई. फिटंफाट.”

“आणि मी?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं ज्या डोळ्यांनी लेकरांचे दंड पाहिले त्या डोळ्यांनी.

“तुले पेज पायजे, पानी पायजे, झोप पायजे. तिन्ही इथं आहेत. मी बसून राहिलो तं तुहा खोकला काय पळून जाईन? माह्याजवळ तीन दिस आहेत. येतो.”

आणि ते गेले. फाटकाशी टेबलावर पुस्तक ठेवलं. खाकीवाल्याने पाहिलं, शिक्का मारला, हात केला. ते फाटकातून बाहेर पडले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गाडी समुद्रावरच्या पुलाकडे गेली.

मी थक्क झालो होतो. थोडा रडलोही, अशक्तपणामुळे. वाङ्मयात वाचलेले थोर मित्र आठवले. त्यांतला एकही असा निघून गेला नसता.

नऊ वाजता शेडमधला माणूस पेज घेऊन आला. मग अकरा वाजता. मग दोन वाजता. दर वेळी तो माझ्या कपाळावर उलटा हात ठेवायचा, अगदी श्रावणजींसारखा. माझी चटईही त्याने वाऱ्याच्या तोंडातून हलवून भिंतीशी घेतली. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? त्याने तोंडावर गमचा बांधल्याची खूण केली.

मी पोटभर जेवलो आणि झोपलो. तीन दिवस चांगले गेले. एकटाच होतो, पण बरं वाटत होतं.

अठराला संध्याकाळच्या गाडीने ते आले. चालण्यात डौल होता. काखेत फुलाफुलांची छत्री, हातात एक बांधलेलं पुडकं. पुडक्याचा वास त्यांच्या आधी आला. सुकी मासळी.

“काय पाहिलं?” मी विचारलं.

“सारं.”

“म्हणजे काय?”

“अनुराधपूर पाह्यलं. झाडाखाली बसलो.”

“कसं वाटलं?”

“ते सांगाची गोष्ट नाई,” ते म्हणाले. पंचफुलाबाईंनाही त्यांनी ते कधी सांगितलं नसावं. मग एकदम मांडी घालून बसले. “अन् आयक. टेसनच्या मांगं जत्रा भरली होती. लहानशी. बल्ब लावले होते. दुरून आवाज आला. कर्र, कर्र.”

“रहाटपाळणा?”

“रहाटपाळना! लाकडाचा. आपल्यासारखाच. आत जायच्या जागी एक मानूस उभा होता. म्या बाही वर केली. सवय रे. तो पाहेच ना. मले म्हनला, जा. हातानं म्हनला, जा. कोनी कागद मांगतला नाई, कोनी नाव पुसलं नाई, कोनी जात पुसली नाई. बसलो पाळन्यात. वर गेला अन् चक्करच आली.”

“मग?”

“खाली उतरून ओकलो. मंग पुन्हा बसलो.”

“आणि तुम्ही? कुणाचा दंड पाहिला नाही ना?”

ते जरा ओशाळले. “दुसऱ्या बारीले एक बाई लेकरू घेऊन शेजारी बसली. लेकराचा दंड उघडा. नजर गेली, लेका. काय करतं? खून होती. मस्त उठली होती.”

परतीच्या गाडीत मासळीच्या वासाने आजूबाजूचे लोक सरकत गेले. वर्ध्यापर्यंत आम्हाला पाय पसरून झोपायला मिळालं.

ते धनुष्कोडी आता नाही. चौसष्ट सालच्या वादळात गाव गेलं, रूळ गेले. तसं जायचं म्हटलं तरी आता जाता येणार नाही. श्रावणजींना मी ते पेपरात वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “तो खाकीवाला सुटला असन काय रे?” मला ठाऊक नव्हतं.

पण माझ्या मनात गोष्ट संपते ती त्याच वर्षी, डिसेंबरात. एका सकाळी श्रावणजी दारात आले. “बीए, चाल. बहिरमले जाऊ. पंचफुला पन येते.”

“तिथे तर सगळे ओळखतात.”

“वळखू दे.”

नाक्यावर चंद्रभान होता. श्रावणजींनीच त्याला टोचायला शिकवलं होतं. त्यांना पाहून तो खुर्चीवरून उठला. “अरे बाप्पा, तुमी? जा नं सायेब, आत जा. तुमाले कोन अडवते?”

श्रावणजी रांगेतून हलले नाहीत. पुढची चार माणसं झाली. मग त्यांनी पिवळं पुस्तक टेबलावर ठेवलं.

“पाह्य.”

“काय पाहू जी, तुमचं?”

“पाह्य म्हनतो नं.”

चंद्रभानने पाहिलं. हैज्याची मुदत जानेवारीपर्यंत होती. सही वाचायचा प्रयत्न केला. वाचता आली नाही.

“हे कोनाची सही आहे?”

“माही नाई,” श्रावणजी म्हणाले. “चालते काय?”

“चालते.”

“मंग हात कर.”

चंद्रभानने हात केला. मागे पंचफुलाबाई होत्या. उन्हात फुलांची छत्री उघडून उभ्या. त्यांचा कागद, माझा कागद. मग आम्ही तिघेही आत गेलो. हंड्यांचा धूर डोळ्यांत जात होता. पाळण्यापाशी पंचफुलाबाई थांबल्या आणि वर पाहू लागल्या.

“मळमळन,” त्या म्हणाल्या.

“पहिल्या बारीले मळमळते,” श्रावणजी म्हणाले. “दुसरीले नाई.”

आणि पंचफुलाबाईंनी छत्री माझ्या हातात दिली.